रिपोर्टमध्ये एलडीएल वाढलेलं आलं? घरातलं तेल-तूप नव्याने ठरवण्याची पद्धत

लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापून आला की घरात पहिला बळी तुपाचा जातो. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका लाकडी घाण्याच्या तेलाचा पत्ता देतात, ऑफिसातला मित्र ऑलिव्ह ऑइल सुचवतो, आणि मोबाइलवर कुणीतरी खोबरेल प्या म्हणून व्हिडिओ पाठवतं. या सगळ्यातून मी गेलो आहे. पुढे आहारतज्ज्ञांशी बोलून, पाकिटं वाचून आणि किराण्याची बिलं मांडून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो. आधी सांगून ठेवतो, ‘सर्वात चांगलं तेल कोणतं’ याचं उत्तर या लेखात नाही. एकूण किती खातो आणि कशाच्या जागी काय खातो, हे दोन प्रश्न सुटले की तेलाच्या नावाचं महत्त्व बरंच कमी होतं.

हाताशी काय हवं

- लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट, आणि असेल तर मागचाही
- गेल्या दोन-तीन महिन्यांची किराण्याची बिलं किंवा यादी, दूधवाल्याच्या हिशोबासकट
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा (ग्रॅम दाखवणारा) आणि ५ मिलीचा मोजायचा चमचा
- घरात असलेली तेल, तूप, लोणी, बिस्किटं, फरसाण यांची पाकिटं (डब्यात ओतून फेकून दिली असतील तर पुढच्या वेळी ठेवा)
- चालू औषधांची यादी

१. आधी रिपोर्टमधला नेमका कोणता आकडा वाढलाय ते पाहा

‘कोलेस्टेरॉल वाढलंय’ हे सगळेच म्हणतात, पण एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढणं आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) वाढणं यांवरचे उपाय वेगळे आहेत. खाण्यातल्या सॅच्युरेटेड फॅटचा (तूप, लोणी, खोबरेल यांत जास्त असणारं, थंडीत थिजणारं फॅट) परिणाम मुख्यतः एलडीएलवर होतो. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर तेलापेक्षा आधी साखर, मैदा, दारू, पोटाचा घेर आणि मधुमेह यांच्याकडे बघायचं. तूप बंद करून चहात दोन चमचे साखर तशीच ठेवली, तर तो आकडा फारसा हलणार नाही.

बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० mg/dL च्या वर असतील तर हे गणित चालत नाही, तेव्हा थेट मोजलेला एलडीएल मागा.

एलडीएल १९० mg/dL किंवा त्याहून जास्त असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. इतका वाढलेला आकडा बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि नुसत्या पथ्याने आटोक्यात येत नाही. थायरॉइड मंद असेल तरीही एलडीएल वाढतं, त्यामुळे ती तपासणी झाली नसेल तर विचारून घ्या.

२. महिन्याचं तेल ग्रॅममध्ये मोजा

इथे बहुतेकांना धक्का बसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यातल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या घरासाठी हिशोब असा: २७ × ४ × ३० = ३२४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन लिटर. यात तूप, लोणी आणि तळणाचं तेलही आलं. आता बिलं काढा आणि बेरीज करा.

बेरीज करताना एक घोळ होतो. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, सुमारे ९१० ग्रॅम. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा दुकानात शेजारी शेजारी असतात आणि त्यांत सव्वा किलोहून जास्त फरक असतो. पाकिटांचंही तेच, त्यामुळे आकार न बघता छापलेले ग्रॅम वाचा.

फोडणीची पळी एकदा पाण्याने मोजून बघा. आमच्या पळीत मोजायचे चार चमचे बसतात, म्हणजे २० मिली, म्हणजे १८ ग्रॅम तेल आणि दीडशेहून जास्त कॅलरी. भाजीला एक, आमटीला एक, आणि ‘रंग यावा म्हणून’ वर अर्धी. कुठलंही तेल घ्या, घाण्याचं, रिफाइंड किंवा डब्यावर ‘लाइट’ लिहिलेलं, एका ग्रॅमला नऊच कॅलरी. पिष्ट आणि प्रथिनांना चार. तेलाचा प्रकार बदलून वजन कमी होत नाही ते यामुळेच.

पळी बदलणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय. पळी काढून कट्ट्यावर मोजायचा चमचा ठेवा. चार माणसांच्या भाजीची फोडणी तीन चमच्यांत होते. मोहरी तडतडायला तेल कमी पडतं असं वाटलं तर कढई बदला, पसरट कढईऐवजी खोलगट लोखंडी कढल्यात फोडणी करून वर ओता.

३. किटलीबाहेरचं तेल शोधा

तेलाची किटली आणि तुपाची बरणी दिसते म्हणून त्यांच्यावर डोळा. खरा साठा दूध, खोबरं, फरसाण आणि बेकरीच्या पुड्यात असतो.

दूध घ्या. पिशवीवर नियमानुसार फॅट ठरलेलं असतं: फुल क्रीम ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. म्हशीच्या दुधात सहा किंवा त्याहून जास्त. चहा, दही आणि रात्रीचं दूध मिळून दिवसाला ३०० मिली धरलं, तर सहा टक्क्यांच्या दुधातून १८ ग्रॅम फॅट जातं आणि त्यातलं ११ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरीला ते २२ ग्रॅम होतं. म्हणजे निम्मा कोटा दुधातच संपला, वरणभातावरचं तूप अजून यायचंय! टोन्ड दूध आणलं की हा आकडा निम्म्यावर येतो आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं. चहा पातळ लागतो अशी तक्रार आठवडाभर होते, मग बंद होते.

आता सुकं खोबरं आणि शेंगदाणे. दोन्ही आपल्या वाटणा-कुटात रोज असतात आणि दोन्हींना सरसकट ‘तेलकट’ म्हणतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे १५ ग्रॅम फॅट, त्यातलं सॅच्युरेटेड फक्त दोन ग्रॅमच्या आसपास, आणि सोबत सात-आठ ग्रॅम प्रथिनं. ३० ग्रॅम सुक्या खोबऱ्यात सुमारे १९ ग्रॅम फॅट, त्यातलं १७ ग्रॅम सॅच्युरेटेड. रविवारी मटणाला कांदा-खोबऱ्याचं वाटण होतं, वर मटणाची चरबी, वर कट यावा म्हणून सुटलेलं तेल. मटण सोडायची गरज नाही. चरबीचे तुकडे खाटकाकडूनच काढून घ्या, वाटणात निम्मं खोबरं कमी करून त्या जागी तीळ आणि भाजलेला कांदा वाढवा. रस्सा दाट होतो आणि चव कोल्हापूरची राहते, सोलापूरचा पाहुणा काय म्हणेल ते मात्र सांगत नाही.

फरसाण, शेव, चकली, वेफर्स यांत १०० ग्रॅममागे साधारण ३० ते ४० ग्रॅम फॅट असतं. बाजारी मालात ते बहुधा पामोलिनचं (पाम तेलाचा पातळ भाग). खारी, नानकटाई, बटर, क्रीम बिस्किटं यांत बेकरीचं घट्ट फॅट. घरात तूप तोलून खाणारी माणसं संध्याकाळी चहासोबत चार खारी खातात, तेव्हा तुपाचा सगळा संयम वाया जातो.

४. प्रकार ओळखा

पाकिटावर चार नावं दिसतील: सॅच्युरेटेड, मोनोअनसॅच्युरेटेड, पॉलीअनसॅच्युरेटेड, ट्रान्स. कुठल्याही तेलात पहिले तिन्ही प्रकार असतात, प्रमाण वेगळं. सॅच्युरेटेड जास्त असलेलं फॅट थंडीत थिजतं, म्हणून डिसेंबरात खोबरेल गोठतं आणि करडईचं तेल वाहतं राहतं.

आपल्याकडच्या तेलांमध्ये सॅच्युरेटेडचं प्रमाण अंदाजे असं (बियाण्याच्या वाणानुसार थोडं पुढेमागे होतं):

- करडई: दहा टक्क्यांच्या आत
- सूर्यफूल, मोहरी: दहाच्या आसपास
- तीळ, सोयाबीन: पंधराच्या आसपास
- शेंगदाणा, राइस ब्रॅन: सतरा ते वीस
- पामोलिन: चाळीस ते पंचेचाळीस
- लोणी: पन्नास
- साजूक तूप: साठ ते पासष्ट
- खोबरेल: पंच्याऐंशी ते नव्वद

यादी वाचून करडईचं पाच लिटर मागवायला निघाला असाल तर थांबा. करडई आणि सूर्यफूल ही प्रामुख्याने ओमेगा-६ ची तेलं (ओमेगा-६ आणि ओमेगा-३ हे पॉलीअनसॅच्युरेटेडचेच दोन प्रकार). शरीर ओमेगा-६ स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, आणि सॅच्युरेटेडच्या जागी ते आलं की एलडीएल उतरतं. ई जीवनसत्त्वही या तेलांतून चांगलं मिळतं. पण ओमेगा-३ यांत जवळपास नसतंच आणि तळणासारख्या लांबलचक उष्णतेत ही तेलं लवकर बिघडतात. (‘हाय ओलेइक’, म्हणजे मोनो जास्त असलेली, अशी वेगळी वाणं असतात, ती तापायला टिकाऊ.) शेंगदाणा, तीळ आणि राइस ब्रॅनमध्ये मोनो आणि पॉली दोन्ही बऱ्यापैकी असल्याने रोजच्या फोडणीला आणि अधूनमधून तळणाला ती सोयीची. मोहरी आणि सोयाबीनमध्ये थोडं ओमेगा-३ ही असतं.

म्हणून दोन तेलं ठेवा. आमच्याकडे शेंगदाणा कायम असतो आणि दुसरं आलटून पालटून करडई किंवा सोयाबीन. सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या घरांत करडई आणि शेंगदाणा दोन्ही असायचेच, त्यामुळे यात नवीन काही नाही. ऑलिव्ह ऑइल चांगलंच आहे, पण पिठल्याच्या फोडणीसाठी त्याचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

कोकण-गोव्याच्या वाचकांना खोबरेलाचा आकडा खटकेल. खोबरेल विष नाही, पण एलडीएल वाढलेलं असताना तेच मुख्य तेल ठेवू नका. त्यातलं लॉरिक आम्ल चांगलं कोलेस्टेरॉल वाढवतं हे खरं, मात्र एलडीएलही वाढवतं, आणि व्हिडिओत दुसरा भाग गाळलेला असतो. सोलकढी, आमटीत ओलं खोबरं चालू राहू द्या. तळण-फोडणी मात्र दुसऱ्या तेलात.

तुपाचं म्हणाल तर एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, यात तीन ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड आणि थोडं अ जीवनसत्त्व. वरणभातावर एक चमचा २२ ग्रॅमच्या कोट्यात सहज बसतो. पोळीला दोन्ही बाजूंनी, शिऱ्यात वाटीभर, लाडवात न मोजता, असं बसत नाही. आईला मी हाच हिशोब कागदावर मांडून दाखवला. ‘मग चमचा माझ्या हातात राहील,’ एवढंच ती म्हणाली, आणि तोच तोडगा ठरला.

५. काढलं त्याच्या जागी काय आलं, तेही लिहा

या पायरीवर बहुतेक जण घसरतात. सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्या जागी अनसॅच्युरेटेड (मोनो-पॉली) तेलं, दाणे, कडधान्यं आली तर हृदयाला फायदा होतो. त्या जागी पांढरा ब्रेड, साबुदाणा, साखर आली तर फायदा उरत नाही. ‘लो फॅट’ लिहिलेल्या दह्यात-बिस्किटात बऱ्याचदा साखर वाढवलेली असते, तेही याच खात्यात.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे काढलेलं, उजवीकडे आलेलं. लोणी-ब्रेड गेला, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी आली. शेव गेली, भाजलेले फुटाणे आले. उजवा रकाना रिकामा राहिला तर चार दिवसांत डावीकडचं परत येणार हे धरून चाला.

तेल पूर्ण बंद करण्याच्या फंदात पडू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाबरोबरच शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीवर कूट आणि चमचाभर फोडणी असते, तिच्यामुळे गाजरातलं कॅरोटीन अंगी लागतं. आणि रिपोर्ट तुमचा आहे, नातवाचा नाही. दोन वर्षांखालच्या मुलांचं फॅट कमी करायचं नसतं. त्यांचं तूप आणि सायीचं दूध तसंच राहू द्या.

६. पाकीट वाचायला शिका

तेलाच्या पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरात दिसलं तर दुर्लक्ष करा. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, वनस्पतिज तेलात ते नावालाही नसतं. पामोलिनवरही हे वाक्य तितकंच खरं ठरेल.

घटकांच्या यादीत नुसतं ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ न वाचता कंसातलं नाव वाचा. बिस्किट, शेव, इन्स्टंट नूडल्स, बहुतेक ठिकाणी पाम किंवा पामोलिन निघेल. आइसक्रीमच्या फ्रीजरमध्ये ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेले कप असतात, त्यांत दुधाच्या फॅटऐवजी वनस्पतिज फॅट असतं. मिश्र तेलाच्या पाकिटावर कोणतं तेल किती टक्के हे छापलेलं असतं. समोर सूर्यफुलाचं चित्र आणि मागे दुसऱ्याच तेलाचा मोठा वाटा, असं असू शकतं.

ट्रान्स फॅटबद्दल (मुख्यतः तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारं फॅट) चांगली बातमी आहे. हे फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमीही करतं, म्हणून सर्वांत वाईट. भारतात तेल-तुपातली त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. वनस्पती तूप पूर्वीइतकं घातक राहिलं नाही, पण ट्रान्स कमी केलं तरी ते घट्ट ठेवायला सॅच्युरेटेड लागतंच. शिवाय १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘ट्रान्स फॅट फ्री’ लिहिता येतं, आणि त्या शब्दांवरून सॅच्युरेटेड किती ते कळत नाही. तो आकडा वेगळा वाचा.

घाण्याचं की रिफाइंड? फॅटचे प्रकार एकाच बियाण्याच्या दोन्ही तेलांत जवळपास सारखे. घाण्याच्या तेलात वास, चव आणि काही उपयोगी सूक्ष्म घटक जास्त टिकतात. शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र घाणेवाल्याकडचे दाणे डोळ्यांनी पाहा. बुरशी लागलेल्या दाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन रिफाइंड करताना निघून जातं, घाण्याच्या तेलात थोडं उतरू शकतं. काळपट, सुरकुतलेले दाणे दिसले तर दुसरा घाणा गाठा.

७. तळणाचं तेल

तळण महिन्यातून दोन-चारदा, थोड्या तेलात, छोट्या कढईत. उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत भाज्यांना संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका, आणि जुन्यात नवं ओतून वाढवत तर कधीच नेऊ नका. तेल काळवंडलं, फेस धरायला लागलं, चिकट झालं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावलं की संपलं. हॉटेलांसाठी २०१८ पासून वापरलेल्या तेलातल्या खराब घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा आहे. वडापावच्या गाडीवर ते कोण मोजतं, हा प्रश्न आहेच.

८. ओमेगा-३ ची सोय

शाकाहारी घरात हे बहुधा कमीच असतं. सोपा उपाय म्हणजे जवस. मोठ्या चमच्याभर जवसाच्या पुडीत, म्हणजे सुमारे सात ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, दिवसाची गरज तेवढीच आहे. जवस भाजून कुटायलाच हवं, अख्खं दाताखालून निसटतं आणि तसंच बाहेर जातं. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी त्यासाठी उत्तम. थोडी थोडी करा, फ्रीजमध्ये ठेवा, कारण ती लवकर खवट होते. जवसाचं तेल तापवू नका.

जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचएमध्ये (माशांत मिळणारे ओमेगा-३ चे प्रकार) रूपांतर फार थोडं होतं. मासे खाणाऱ्यांना ते थेट मिळतं, आणि त्यासाठी सुरमई-पापलेटचे भाव मोजायची गरज नाही. बांगडा आणि तारली या स्वस्त, तेलकट मासळीतच ते भरपूर असतं. आठवड्यातून दोनदा, रवा लावून तळण्यापेक्षा तिखलं किंवा उडदामेथी करून.

९. पुन्हा तपासणी

बदल सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, पहिल्या वेळी उपाशीपोटी दिली असेल तर उपाशीपोटीच, पुन्हा लिपिड प्रोफाइल करा. मध्ये दिवाळी येत असेल तर फराळ संपल्यावर आठवड्याभरात धावू नका. आकडा उतरला म्हणून स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी परस्पर बंद करायची नाही. तो गोळीने उतरला की पथ्याने, हे तुम्हाला घरी ओळखता येणार नाही. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट, औषधांची यादी आणि दोन रकान्यांची वही सोबत न्या. ‘पथ्य करतोय’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘चार माणसांत महिन्याला सहा लिटर होतं ते साडेतीनवर आलंय, दूध टोन्ड केलंय’ असं सांगितलं, तर गोळीचा डोस ठरवायला त्यांना काहीतरी धरता येतं.